तंजावरच्या तीन रात्री : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

हिवाळ्यातल्या छोट्या सहलीसाठी एकच शहर निवडायचे झाले, तर मराठी माणसाने तंजावर निवडावे, असे या सदरात मागच्या वेळी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. मुक्काम किती दिवसांचा असावा, उतरावे कुठे, खावे काय, मुलांना तिथे करमेल का आणि आपल्या इतिहासाचे तिथे नेमके काय उरले आहे, असे हे प्रश्न आहेत. एकसारख्या प्रश्नांचे एकत्रित उत्तर दिले आहे आणि पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गाव दिले आहे.

प्रश्न : आम्ही दोघे नुकतेच निवृत्त झालो आहोत. जानेवारीत जाण्याचा विचार आहे. तंजावरला किती दिवस पुरतात, आणि महाराष्ट्रातून तिथे पोहोचण्याचा सोयीचा मार्ग कोणता? (सातारा)

उत्तर : तीन रात्री राहावे. एका दिवसात तंजावर 'उरकणारे' प्रवासी पुष्कळ असतात. ते सकाळी अकराच्या सुमारास बृहदीश्वराच्या भव्य शिवमंदिराच्या आवारात उतरतात, तापलेल्या दगडांवरून घाईघाईने फिरतात, बाराच्या पुढे गाभारा बंद झालेला पाहतात आणि राजवाड्याला धावती भेट देऊन पुढच्या गावाला निघतात. देवळाची वेळ साधारणपणे सकाळी ६ ते दुपारी १२.३० आणि दुपारी ४ ते रात्री ८.३० अशी असते. तुमचा दिवसही याच वेळांवर बेतावा, म्हणजे पहाटे बाहेर पडावे, दुपारी खोलीवर विश्रांती घ्यावी आणि चारनंतर पुन्हा निघावे. हे एवढे जमले की वयाचा किंवा उन्हाचा त्रास फारसा जाणवत नाही.

पोहोचण्यासाठी सर्वांत जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा असून तो तंजावरपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तिथून तंजावरला रेल्वेगाड्या आणि बसगाड्या दिवसभर मिळतात. रेल्वेने जायचे असेल, तर मुंबई किंवा पुण्याहून आधी चेन्नई गाठावी, एक रात्र तिथे थांबावे आणि एगमोर स्थानकातून तंजावरची गाडी धरावी. मुंबईच्या गाड्या बहुधा चेन्नई सेंट्रलला येतात, तंजावरच्या गाड्या मात्र एगमोरहून सुटतात. या दोन स्थानकांतील बदल आरक्षण करतानाच लक्षात घ्यावा आणि मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. रात्रीच्या गाडीने निघाल्यास पहाटे तंजावरला पोहोचता येते. उजाडताना कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती खिडकीतून दिसते, म्हणून शेवटचा अर्धा तास झोपेत घालवू नये.

जानेवारीची तुमची निवड उत्तम आहे. ईशान्य मोसमी पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि एप्रिलपासून उन्हाळा कडक होतो, त्यामुळे जानेवारी आणि फेब्रुवारी हेच खरे सुखाचे महिने. मात्र जानेवारीच्या मध्यात पोंगल येतो. त्या दिवसांत गाड्यांची आरक्षणे फार लवकर संपतात आणि हॉटेलांत गर्दी असते. तरीही मट्टुपोंगलला, म्हणजे गुराढोरांच्या पूजेच्या दिवशी, बृहदीश्वराच्या भव्य नंदीला भाज्या आणि फळांच्या माळांनी सजवतात. गर्दीची हरकत नसेल, तर तो दिवस जरूर साधावा. आपल्याकडच्या पोळ्याची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

प्रश्न : हॉटेल निवडताना देवळाजवळचे घ्यावे की बसस्थानकाजवळचे? संकेतस्थळांवरील छायाचित्रांवरून काहीच कळत नाही. (ठाणे)

उत्तर : तंजावरला दोन बसस्थानके आहेत. जुने बसस्थानक शहराच्या मध्यात, देवळापासून आणि राजवाड्यापासून जवळ आहे. नवे बसस्थानक मात्र शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे. 'बसस्थानकापासून चालत दोन मिनिटे' अशी जाहिरात दिसली, तर ते कोणते बसस्थानक हे आधी विचारावे. मुक्काम रेल्वेस्थानक ते जुने बसस्थानक या पट्ट्यात, विशेषतः गांधीजी रोडच्या आसपास असावा, असा माझा आग्रह आहे. तिथून देऊळ चालत किंवा रिक्षाने पाचदहा मिनिटांवर येते, आणि दुपारी खोलीवर परतून विश्रांती घेण्याचा जो क्रम वर सुचवला तो अशा ठिकाणी राहिल्यावरच जमतो. शहराबाहेरच्या ऐसपैस रिसॉर्टमध्ये बाग आणि शांतता मिळते, पण दुपारी परतणे जिवावर येते आणि अखेर माणूस दिवसभर उन्हातच फिरत राहतो.

फोन करून चारच गोष्टी विचाराव्यात. रात्रीची गाडी पहाटे पोहोचते, तेव्हा त्या वेळी खोली मिळेल का आणि त्यासाठी आदल्या रात्रीचे भाडे द्यावे लागेल का. खोली सोडण्याची वेळ दुपारी बाराची आहे की चोवीस तासांच्या हिशेबाने. गरम पाणी दिवसभर असते की केवळ सकाळी. आणि लिफ्ट सर्व मजल्यांवर जाते का. सकाळची न्याहारी भाड्यात धरलेली असली, तरी तिच्या मोहात पडून पहाटेचे देऊळ चुकवू नये. आधी देऊळ, मग न्याहारी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि मुलांना तिखट चालत नाही. दोन दिवसांनंतर इडली-डोशाचा कंटाळा येतो. जेवणाचे काय करावे? (नाशिक)

उत्तर : कंटाळा येतो तो बहुधा एकाच प्रकारच्या उपाहारगृहात तेच तेच पदार्थ मागवल्यामुळे. कावेरीच्या या सुपीक मुलखात भात, डाळ, केळी आणि नारळ यांवर पोसलेली स्वयंपाकाची परंपरा फार समृद्ध आहे आणि ती थोडी समजून घेतली तर तीन दिवस अपुरे पडतात.

सकाळी इडलीसोबत सांबाराऐवजी 'कडप्पा' मिळतो का ते विचारावे. मुगाची डाळ आणि बटाटा यांचा हा सौम्य, दाटसर रस्सा असतो. तो कुंभकोणम आणि तंजावर या भागाचा खास पदार्थ असून चेन्नईतही सहज मिळत नाही. काही ठिकाणी तो ठरावीक दिवशीच करतात, म्हणून विचारण्यात संकोच करू नये. मुलांना वेण्पोंगल निश्चित आवडेल. तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवून त्यावर तूप, मिरे, जिरे आणि काजू घालतात, म्हणजे आपल्या मुगाच्या खिचडीचाच तो जवळचा नातलग. फक्त त्यातले अख्खे मिरे मुलांच्या ताटातून आधी वेचून काढावेत.

दुपारी केळीच्या पानावरचे जेवण घ्यावे. त्याला तिथे सर्वत्र 'मील्स' म्हणतात, घरगुती बोलीत 'साप्पाडु'. भात एकदाच वाढून संपत नाही. आधी सांबार, मग वत्तकुळंबु म्हणजे सुकवलेल्या भाज्यांची चिंचेतली आमटी, नंतर रसम आणि शेवटी ताक किंवा दही अशा क्रमाने पुन्हा पुन्हा भात येतो. पहिल्याच वाढणीला पोट भरून घेणारा पाहुणा रसमपर्यंत पोहोचत नाही आणि माझ्या मते ते त्या जेवणातले सर्वांत मोठे नुकसान आहे. 'पोदुम' म्हणजे पुरे आणि 'कारम कम्मी' म्हणजे तिखट कमी, एवढे दोन शब्द पाठ असले की काम भागते. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडावे. पाटीवर 'सैवम' असेल तर ते शाकाहारी आणि 'असैवम' असेल तर मांसाहारी. मांसाहार करणाऱ्या वाचकांनी रात्री परोट्टा आणि साल्ना म्हणजे पातळ मसालेदार रस्सा, तसेच जीरक सांबा या बारीक तांदळाची बिर्याणी जरूर खाऊन पाहावी.

गोडात तिरुवैयारूचा अशोका हलवा विसरू नये. मुगाची डाळ, साखर आणि भरपूर तूप यांचा तो केशरी रंगाचा मऊ हलवा गरम असतानाच खावा, बांधून आणलेल्याची चव तशी राहत नाही. कॉफीविषयी वेगळे सांगायला नको. पितळेच्या किंवा स्टीलच्या 'डबऱ्यात', म्हणजे खोलगट वाटीत, ठेवलेल्या पेल्यातून ती फेसाळती येते. 'कुंभकोणम डिग्री कॉफी' अशा पाट्या महामार्गांवर जागोजागी दिसतात, पण ज्या दुकानापुढे पहाटे सहाला गावातली माणसे उभी असतात तिथली कॉफी प्यावी.

सांबाराचा उगम तंजावरच्या मराठी दरबारात झाला का, असे अनेकांनी विचारले आहे. संभाजीराजे पाहुणे आले असता मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली आणि त्या पदार्थाला राजांचे नाव मिळाले, ही कथा तिथेही सांगतात. ती लोककथा म्हणून आनंदाने ऐकावी, इतिहास म्हणून पुढे सांगू नये. दरबाराचा स्वयंपाकघरांवर परिणाम झाला हे मात्र खरे. तिथल्या काही घरांत आजही 'डांगर पचडी' करतात. उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेला तो पदार्थ पाहिला की आपल्या डांगराची ओळख पटवून द्यावी लागत नाही.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. तंजावरच्या मराठी राज्याचे अवशेष म्हणून नेमके काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे, आणि वाचता येण्याजोगे मराठी तिथे कुठे आहे? (नागपूर)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर लांब होणार आहे, आणि ते तसे होऊ द्यावे अशी इच्छा आहे.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापले. तमिळ इतिहासात ते 'एकोजी' म्हणून ओळखले जातात. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा भागच उरला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस पुत्राविना वारले आणि तेही संपले. म्हणजे सुमारे १८० वर्षे. त्यांतला बराच काळ राजांच्या हाती तलवारीपेक्षा लेखणी आणि वीणा अधिक होती. विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी, ज्यांचा काळ १७९८ ते १८३२ असा आहे, सत्ता गमावल्यानंतर जे केले ते पाहण्यासाठीच तंजावरला जावे.

सुरुवात देवळापासून करावी. बृहदीश्वर हे चोळ सम्राट पहिल्या राजराजाने बांधले आणि ते १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. कावेरीच्या गाळाच्या या सपाट मैदानात दगड मिळत नाही, तो सगळा ग्रॅनाइट बाहेरून आणावा लागला. हे ठाऊक असले की ६० मीटरहून उंच विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराकडे, पाहण्याची दृष्टीच बदलते. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे वाटाडे सांगतात. ती पडते, संध्याकाळी चारनंतर आवारात उभे राहून विद्यार्थ्यांना स्वतः पाहू द्यावी. भिंतींवरच्या राजराजाच्या तमिळ शिलालेखांत देवळाला दिलेल्या दानांचे बारीकसारीक तपशील आहेत. देवळाच्या सेवेतल्या ४०० नर्तकींची नावे आणि त्यांना दिलेली घरेसुद्धा त्यांत नोंदली आहेत. एका राजाने सेवकवर्गाची नावे दगडात कोरून ठेवावीत, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे.

आता मराठीचा भाग. आवाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे जावे. तिथल्या भिंतींवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. हा जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. शेकडो मैलांवरच्या चोळांच्या देवळात, तमिळ अक्षरांच्या शेजारी, एकामागून एक मराठी ओळी समोर येतात आणि आपण नकळत मोठ्याने वाचू लागतो. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे स्पष्ट उठतात. दुर्बीण असेल तर वरच्या ओळींसाठी न्यावी. भिंतीला हात लावू नये आणि अक्षरांत खडू किंवा पावडर भरण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. लेखातील सर्वच वंशावळ आजच्या इतिहासाच्या कसोटीवर उतरेल असे नाही. एका राजाला आपले घराणे कसे आठवावेसे वाटले, याचे साधन म्हणून तो वाचावा.

दुसरा दिवस राजवाड्याला द्यावा. मूळ वाडा भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांचा आहे, भोसल्यांनी त्यात भर घातली. मराठा दरबाराचे रंगीत खांब आणि कमानी पाहून झाल्यावर कलादालनात जावे. तिथे सरफोजीराजांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे, तो इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडवला. त्याच फ्लॅक्समनचे दुसरे शिल्प शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आहे. त्यात मृत्युशय्येवरचे पाद्री श्वार्ट्झ आणि त्यांच्याजवळ उभे असलेले तरुण सरफोजीराजे दिसतात. श्वार्ट्झ हे राजांचे शिक्षक आणि पालक होते, ते १७९८ मध्ये वारले. ही दोन शिल्पे एकाच दिवशी पाहिली, तर त्या राजाच्या मनाची घडण कळू लागते.

मग सरस्वती महाल. नायकांच्या काळापासूनचे हे राजग्रंथालय सरफोजीराजांनी देशोदेशीचे ग्रंथ मिळवून वाढवले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते, ताडपत्रे, नकाशे आणि मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, असा तिथला संग्रह आहे. राजे स्वतः नेत्रवैद्यकात लक्ष घालत आणि रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे व उपचारांच्या नोंदी ठेवून घेत. त्यांतली काही पाने पाहायला मिळतात. सामान्य प्रेक्षकांना संग्रहालयाचे दालनच खुले असते. हस्तलिखिते अभ्यासायची असतील, तर आपल्या शाळेच्या किंवा संस्थेच्या पत्रासह आगाऊ लेखी परवानगी मागावी. आठवड्याची सुट्टी बहुधा बुधवारी असते, त्यामुळे तुमचा राजवाड्याचा दिवस बुधवारी येणार नाही अशी आखणी करावी आणि निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी.

एक विनंती. तंजावरला 'आपले राज्य' शोधायला जावे, पण ते राज्य तेलुगूत नाटके लिहिणाऱ्या, तमिळ नट्टुवनारांना म्हणजे नृत्यगुरूंना आश्रय देणाऱ्या राजांचे होते, हे विसरू नये. भरतनाट्यमच्या सादरीकरणाला आजचा क्रम देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार बंधू सरफोजीराजांच्याच दरबारातले. आणि तमिळ हरिकथेत आजही साकी आणि दिंडी ही मराठी वृत्ते ऐकू येतात, त्या तंजावरला आलेल्या मराठी कीर्तनकारांमुळे. देणे दोन्ही बाजूंनी झाले आहे.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिला देऊळ पाहता येईल का? (पणजी)

उत्तर : येईल. आवार प्रशस्त आणि सपाट आहे, तिथे चालण्याचा त्रास होत नाही. मुख्य मंडपात जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात, तेवढ्यांसाठी आधाराला कोणीतरी सोबत असावे. पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि सकाळी दहानंतर फरशी भाजू लागते, म्हणून जाडसर पायमोजे जवळ ठेवावेत आणि साडेनऊपर्यंत परत फिरावे. प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीच्या अभिषेकासाठी फार मोठी गर्दी जमते. आईंना सोबत नेताना पंचांग पाहून ती वेळ टाळावी.

प्रश्न : आमच्याकडे चार दिवस आहेत. तंजावर, कुंभकोणम, चिदंबरम, मदुराई आणि रामेश्वरम असा बेत आखला आहे. गाडी भाड्याने घेऊ. जमेल ना? (पुणे)

उत्तर : गाडीला जमेल, पण गाडीतल्या माणसांना जमणार नाही. मदुराई तंजावरहून दीडशे किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहे आणि रामेश्वरम दोनशेपेक्षा अधिक. चार दिवसांतले बरेचसे तास रस्त्यावर जातील आणि प्रत्येक देवळाशी तुम्ही नेमके दुपारी, दारे बंद असताना पोहोचाल. मदुराई आणि रामेश्वरम दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे.

त्याऐवजी तंजावरचाच मुक्काम कायम ठेवून एक दिवस कुंभकोणमच्या दिशेला द्यावा. कुंभकोणम ४० किलोमीटरवर आहे. त्याच्या अलीकडे दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर लागते. बाराव्या शतकातले, दुसऱ्या राजराजाच्या काळचे हे देऊळ आकाराने बृहदीश्वरापुढे लहान आहे, परंतु कोरीवकाम इतके नाजूक आहे की मला व्यक्तिशः तेच अधिक जवळचे वाटते. मंडपाला रथाचे रूप दिले आहे, घोडे आणि चाके जोत्यावर कोरलेली आहेत. स्वामिमलैला मेण वितळवून धातू ओतण्याच्या पद्धतीने मूर्ती घडवणारे स्थपती आजही काम करतात, त्यांच्या कार्यशाळेत अर्धा तास शांतपणे बसावे. पहाटे लवकर निघाल्यास राजराजाचा पुत्र राजेंद्र चोळ याचे गंगैकोंडचोळपुरमचे देऊळ त्याच दिवशी जमू शकते. मात्र त्यासाठी दुपारच्या विश्रांतीवर पाणी सोडावे लागेल. चौथ्या दिवशी सकाळी तिरुवैयारू पाहावे. ते अवघ्या १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी आहे. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार संत त्यागराज यांची समाधी तिथे आहे आणि पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुधा जानेवारीत, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांची पंचरत्न कीर्तने गातात. त्या पाच दिवसांच्या उत्सवात तंजावरची हॉटेलेही भरलेली असतात.

प्रश्न : आम्ही बेंगळुरूत राहतो. मुले नऊ आणि बारा वर्षांची आहेत. देवळे पाहून ती कंटाळतात. (बेंगळुरू)

उत्तर : मग राजवाड्यापासून सुरुवात करा. तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा तिथे ठेवला आहे, त्यापुढून मुले हलत नाहीत. सरस्वती महालाच्या दालनात माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे यांची तुलना करणारी जुनी फ्रेंच चित्रे आहेत, ती पाहून घरातल्या प्रत्येकाला कोणता ना कोणता प्राणी चिकटवला जाईल. कलादालनातल्या कांस्यमूर्तींमध्ये तिरुवेण्काडूहून आणलेला वृषभवाहन शिव शोधायला सांगावे. अकराव्या शतकाच्या आरंभीची ही मूर्ती एका हाताचे कोपर नंदीच्या पाठीवर टेकून उभी आहे, पण नंदी तिथे नाही. तो हरवला आहे. 'शिव कशावर रेलला असेल?' एवढाच प्रश्न विचारून आपण बाजूला व्हावे. बारा वर्षांचे मूल त्या मूर्तीपुढे किती वेळ उभे राहते ते पाहण्यासारखे असते.

देवळात संध्याकाळी जावे. स्थानिक कुटुंबे मुलांना घेऊन आवारात येऊन बसतात, मुले पळापळ करतात आणि मागच्या बाजूने विमानावर मावळतीचे ऊन पडते तेव्हा दगड मधाच्या रंगाचा होतो. तिथे काही 'पाहायचे' नाही असे मुलांना सांगितले, की ती आपणहून पाहू लागतात.

प्रश्न : तंजावरची चित्रे घ्यायची आहेत. फसवणूक होऊ नये म्हणून काय पाहावे? (सोलापूर)

उत्तर : अस्सल तंजावर चित्र लाकडी फळीवर ताणून बसवलेल्या कापडावर असते. त्यावर चुन्याच्या व डिंकाच्या लेपाने उठाव आणून सोन्याचा वर्ख लावतात आणि काचेचे खडे बसवतात. दुकानदाराला वर्ख सोन्याचा आहे का आणि त्याचे लेखी देयक मिळेल का, हे विचारावे. उठावाचे काम आडवे धरून पाहावे. छापील चित्रावर चमकी चिकटवलेली असेल तर कडांवर ते लगेच कळते. या चित्रशैलीला भौगोलिक मानांकन आहे, तसेच मान डोलावणाऱ्या बाहुलीला, तंजावर वीणेला आणि धातूच्या नक्षीदार तबकालाही आहे. किमतीचा अंदाज यावा म्हणून आधी तमिळनाडू शासनाच्या पूम्पुहार विक्रीकेंद्रात फेरी मारावी, नंतर खाजगी दुकानांत जावे. लहानसे पण हाताने केलेले एक चित्र घ्यावे. वीणा वाजवणारे कोणी घरात असेल, तर फणसाच्या लाकडातून वीणा कोरली जाताना अवश्य पाहावी.

प्रश्न : तिथे अजून मराठी बोलणारी माणसे भेटतात का? त्यांच्याशी बोलावे कसे? (सांगली)

उत्तर : भेटतात, जरी अनेक कुटुंबे पिढ्यांपूर्वीच चेन्नईला आणि बेंगळुरूला गेली आहेत. तंजावरच्या मराठी घराण्यांत नावापुढे 'राव' असतो आणि तमिळ शेजारी त्यांना 'रायर' म्हणतात. त्यांची मराठी आपल्यापासून तीनशे वर्षे दूर वाढली आहे. तिच्यात आपल्याकडे लोपलेले जुने शब्द आहेत आणि तमिळची लकबही आहे. पहिली दोन वाक्ये कानाला अनोळखी वाटतील. अशा वेळी 'हे चुकीचे बोलता' किंवा 'शुद्ध मराठीत असे म्हणतात' हे शब्द तोंडातून निघू देऊ नयेत. शाळेत एक दिवसही मराठी न शिकता, केवळ आजीच्या तोंडून ऐकून त्यांनी ही भाषा राखली आहे. तुम्हीच थोडे सावकाश बोलावे आणि घरात आमटीला काय म्हणता, मुलांना झोपवताना काय म्हणता, असे साधे प्रश्न विचारावेत. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला दोघांनाही एकमेकांचे कळू लागते, आणि बहुधा त्यानंतर कॉफी येते.